तीन झोके

ठाण्यात दोन दिवस होते. येऊर, मामलेदार मिसळ, गावदेवीतली खरेदी, सगळं झालं. लिहायचंय ते रविवारच्या सकाळबद्दल.

"उद्या तीन राजांचा सण, मिस्साला चल," असं मैत्रिणीच्या आईने रात्री जेवताना सांगितलं. काकूंच्या घरी पाहुण्याला नाही म्हणता येत नाही, आणि मला म्हणायचंही नव्हतं. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये पोचलो तर बाकं गच्च भरलेली. पुढचा माणूस मोबाईल उंच धरून शूटिंग करत होता, मला वेदीच दिसेना. फार चिडले.

वास मात्र अडला नाही. फादरनी नावेच्या आकाराच्या डबीतून चमचाभर दाणे निखाऱ्यावर घातले, धुपाटण्याचं झाकण साखळीवर खाली आलं आणि भोकांमधून धूर निघाला. ऊदच तो! मराठी बायबलात ज्ञानी लोक, म्हणजे हेच तीन राजे, बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस देतात, तोच. त्याचं झाड ओमान-सोमालियाकडचं. आपल्या सातपुड्यातली सालई त्याच कुळातली.

भाकर आणि द्राक्षारसाला धूप झाला, क्रूसाला झाला, वेदीभोवती फिरला, मग फादरना. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात धुपाटणं घेतलेला मुलगा पायऱ्यांपाशी येऊन आमच्याकडे तोंड करून वाकला. सगळे उभे राहिले. साखळी तीनदा खळखळली, आमच्या दिशेने. तो पुन्हा वाकला.

माझे डोळे भरून आले. धूप देवाला दाखवायचा, एवढंच मला ठाऊक. माणसाला धुरी मिळते ती तान्हेपणी, न्हाऊ घातल्यावर, ओवा-वावडिंग-बाळंतशोपा शेगडीत टाकून. त्यानंतर कोणी आपल्याला ओवाळून असं वाकलेलं मला आठवत नाही.

बाहेर आल्यावर काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, नियमच आहे. संतांच्या मूर्तीला दोन झोके. भाकर-द्राक्षारसाला तीन, आणि लोकांनाही तीनच."

संतांना दोन आणि आम्हाला तीन! तिथेच, रिक्षांच्या गोंगाटात, मी त्यांना ते दोनदा सांगायला लावलं.

आणि तो मोबाईलवाला? साखळी आमच्याकडे वळली तेव्हा त्याने मोबाईल खिशात टाकला होता. धूर अंगावर आला तसा त्याने, आपण आरती घेतो तसा, दोन्ही तळव्यांनी डोक्यावर ओढून घेतला.