बटण दाबायला दीड वर्ष?

"मशीन आपोआप चालतं ना? मग बटण दाबायला पोरांना दीड वर्ष काय शिकवता?" मुलांचे वडील विचारतात, मेहुणे विचारतात, परवा भांडुप स्टेशनबाहेरच्या चहावाल्यानंही विचारलं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतोच. दवाखान्यात लागणारं निर्जंतुक सामान बनवणारी मशीनं चालवायला मी पोरांना शिकवतो.

बटणं एका दुपारी शिकवून होतात. मग मी पोरांना कामाच्या नोंदींची पानं भरायला बसवतो. निळं पेन, चुकलं तर एकच रेघ, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर सापडला तर घरी. नुसता गाऊन घालायला शिकण्यात आठवडा जातो. आयएसओ वर्ग 7 च्या क्लीनरूममध्ये, म्हणजे हवेतले कण मोजूनमापून कमी ठेवलेल्या खोलीत, घनमीटरभर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे 3,52,000 कण चालतात. ऐकायला खूप वाटतात, पण माणूस नुसता हलला तरी अंगावरून किती झडतात!

मी स्वतः आयटीआयचा, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, दोन वर्षं. पहिली नोकरी एलबीएस रोडवरच्या प्रेस शॉपमध्ये. सेन्सर अडला की वायर टाकून प्रेस चालू करायचो, मालक वडापाव मागवायचे. हुशार पोरगा म्हणायचे.

2009 साली अंधेरीला लागलो. सलाईनच्या सुयांची पॅकिंग लाइन. एका रात्री दोनला सील तपासणारा कॅमेरा पाकिटामागून पाकिटं बाहेर फेकायला लागला. टार्गेट अडलं. सुपरवायझर दोनदा येऊन नुसता उभा राहिला. मी चोवीस व्होल्टची वायर थेट पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कंप्युटरच्या, इनपुटला जोडली. कॅमेरा काहीही म्हणो, पीएलसीला 'ओके'च दिसणार. लाइन सकाळपर्यंत सुसाट.

सातला क्वालिटीच्या मॅडमनी पॅनल उघडलं. ओरडल्या नाहीत. बॉक्समधलं एक पाकीट काढून कोपरा अंगठ्यानं नुसता ढकलला. सुटला. सील करणारा हीटर थंड पडला होता. असं पाकीट इथिलीन ऑक्साइड वायूनं निर्जंतुक करून काय उपयोग? मला रिपोर्ट लिहायला बसवलं. मी लिहिलं, 'कॅमेरा बिघडल्यामुळे'.

"तो बिघडला नव्हता," त्या म्हणाल्या. "रेघ मार. सही कर. तारीख घाल."

रात्रभराचा माल भंगारात गेला. दादरला गाडी बदलताना दोन लोकल सोडल्या, चढवेना.

मला कुणी शिकवलंच नव्हतं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. खरंही आहे. पण मग पॅनलमधल्या वायरींसारखीच राखाडी वायर शोधून डक्टमध्ये दाबून का बसवलीस, असं तेव्हाच्या मला विचारलं, की तो म्हणतो, वायरिंग नीटनेटकं असावं म्हणून.

दीड वर्षानं पोरं तसं करणार नाहीत, असं मी छातीठोक सांगत नाही. गेल्या आठवड्यात एकानं विचारलं, "सर, रात्री दोनला असं झालं तर?"

"लाइन बंद कर आणि लिही."

त्यानं ते वहीत निळ्या पेनानं उतरवलं. मग मान वर करून म्हणाला, "आणि सुपरवायझरला कोण सांगणार?"