कव्हराखालची धूळ

मुंबईतल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या आवारात चार-दोन गाड्या तरी चंदेरी कव्हर घालून उभ्या असतात. इलॅस्टिक सैल झालेलं, एका बाजूनं नायलॉनची दोरी ताणून बांधलेली. मालक निर्धास्त. गाडी झाकली की रंग वाचला, अशी आपली साधी समजूत. खरं तर कितीतरी गाड्यांच्या रंगाला उन्हापेक्षा हे कव्हरच जास्त भोवतं.

गाडीच्या रंगावर पारदर्शक लाखेचा जो थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ. सगळी चमक त्याच्यातच असते. आणि मुंबईची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. टॉवरांची आणि मेट्रोची कामं जिथे चालू आहेत तिथे तिच्यात सिमेंट आणि रेतीची कच असते. रेतीतली गारगोटी तर पोलादी सुरीपेक्षाही कठीण. अशा धुळीनं भरलेल्या गाडीवर कव्हर ओढलं की ते काचकागदाचंच काम करतं. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की सैल कव्हर फडफडत राहतं आणि एकाच जागी शेकडो वेळा घासतं. म्हणून पहिल्या रेघा बॉनेटच्या कडेला, आरशांवर आणि बंपरच्या कोपऱ्यांवर दिसतात. गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली सगळं पितळ उघडं पडतं.

तेव्हा पहिला नियम असा, की गाडी धुतलेली आणि कोरडी असेल तरच कव्हर. रोज ऑफिसला नेणाऱ्याला हे जमणं कठीण. त्यानं कव्हराचा नाद सोडलेलाच बरा. आठ-पंधरा दिवस गाडी हलणार नसेल, तर मात्र कव्हरासारखं दुसरं काही नाही. विशेषतः झाडाखाली. पर्जन्यवृक्षावर पिठ्या ढेकूण ही कीड पडली की चिकट थेंब ठिबकतात, उन्हाळ्यात सोनमोहराचा पिवळा सडा पडतो आणि कबुतरं तर बारमाही. त्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. उन्हानं क्लिअर कोट मऊ पडतो, संध्याकाळी आक्रसतो आणि डागाचा ठसा कायमचा उमटतो. तो मग पॉलिशनंही पुरता जात नाही.

कापडाचं म्हणाल, तर ज्याला दुकानदार पॅराशूट म्हणतात ते चंदेरी पॉलिस्टर स्वस्त असतं, पण त्यातून हवा खेळत नाही. काही महिन्यांच्या उन्हात त्याचा मुलामा सुटतो आणि पापुद्रे गाडीलाच चिकटतात. आतून मऊ अस्तर असलेलं, वाफ बाहेर सोडणारं तीन-चार थरांचं कव्हर उघड्यावर चालतं. सुती फ्लॅनेलचं सगळ्यात मऊ, पण ते फक्त छपराखाली. पोटाखालून घ्यायचे दोन पट्टे आणि प्लॅस्टिकचं बकल हवंच. धातूचे हूक नकोत.

पावसाळ्यात उघड्यावरच्या गाडीला कव्हर घालू नये, हे आमचं ठाम मत. जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि शिवणीतून पाणी आत जातंच. पावसानं रंग बिघडत नाही, अडकलेल्या ओलीनं बिघडतो. मध्येच ऊन पडलं की आत वाफ धरते, क्लिअर कोट दुधट होतो आणि जिथे टवका उडालाय तिथे गंज बसतो. सीटवर बुरशी येते ती वेगळीच.

घालण्याचीही रीत आहे. इंजिन आणि सायलेन्सर गार व्हायला अर्धा तास द्यावा, नाहीतर पॉलिस्टर वितळून चिकटतं. घडी टपावर ठेवून पुढे-मागे उलगडावी, आधी पुढचा बंपर, मग आरसे, शेवटी डिकी. उभी काडी-एरियल असेल तर आधी फिरवून काढावी. काढताना दोन्ही बाजू टपावर दुमडाव्यात, म्हणजे मळकी बाजू मळक्या बाजूला लागते, आणि मग पुढचा अर्धा भाग मागच्यावर घ्यावा, म्हणजे अस्तर अस्तराला. अस्तर एकदा जमिनीला लागलं की झटकून भागत नाही, धुवावंच लागतं. पहाटे गाडी पुसायला येणाऱ्या दादांना एवढं समजावून सांगावं आणि स्वतःची दोन मायक्रोफायबर फडकी द्यावीत. एका बादलीत दहा गाड्या उरकायच्या म्हटल्यावर त्यांचा तरी काय दोष?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री कव्हर काढून ठेवावं. ठिणगीचा डाग बहुधा पॉलिशनं निघतो, वितळलेलं पॉलिस्टर मात्र रंग घेऊनच निघतं.

महिन्या-दोन महिन्यांनी कव्हर पातळ साबणानं हातानं धुवावं. पावडरीचे न विरघळलेले कण अस्तरात राहतात, म्हणून पावडर नको, सॉफ्टनरही नको. वाळवायचं उलटं करून, सावलीत. चार मीटरच्या गाडीचं कव्हर खिडकीच्या ग्रिलवर मावत नाही, तेव्हा गच्चीच्या किल्लीसाठी सेक्रेटरींना आदल्या दिवशीच गाठावं.