छपराखाली आलेली वॉल स्ट्रीट

न्यू जर्सीतल्या एडिसनला भाचीकडे महिनाभर राहिले होते. तिनं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये नेलं ते इजिप्तच्या ममी दाखवायला. मी अडकले एका बँकेच्या भिंतीपाशी.

अमेरिकन विंगमध्ये काचेच्या छपराचा मोठा चौक आहे. एका बाजूला सेंट्रल पार्कची झाडं, मधे धनुष्य ताणलेली सोनेरी डायना, म्हणजे रोमनांची शिकारीची देवी, आणि टोकाला पांढऱ्या संगमरवराची इमारत. "इमारत कुठली, आत्या? नुसता चेहरा आहे," भाची म्हणाली.

हा चेहरा मूळचा वॉल स्ट्रीटचा, पत्ता १५½. तो अर्धा मला फार आवडला, आपल्या पेठांमध्ये खपून गेला असता! 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स'च्या शाखेसाठी १८२२ ते १८२४ या काळात वास्तुकार मार्टिन युक्लिड थॉम्पसननं ही इमारत बांधली. आईबापांनी नावातच भूमितीवाला युक्लिड घातल्यावर पोरगं दुसरं काय करणार? भिंतीला चिकटलेले ग्रीक धाटणीचे आयोनिक खांब, वर त्रिकोणी माथा. खांबांच्या डोक्यावरची वळणं थेट एडक्याच्या शिंगांसारखी. नवं नवं प्रजासत्ताक, त्याला ग्रीक-रोमन देवळांची भारी ओढ. आणि देवळासारख्या दारात पैसे ठेवायला माणूस कचरत नाही.

बँकेचं नशीब मात्र खोटं निघालं. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सननं १८३२ मध्ये तिच्या मुदतवाढीवर नकाराधिकार वापरला आणि १८३६ मध्ये सनद संपली. पुढे याच दारामागे सरकारी कचेरी आली, सोन्या-चांदीचा कस पाहणारी. १९१५ मध्ये इमारत पाडली, पण दर्शनी भिंतीचे दगड जपून ठेवले. म्युझियमचे अध्यक्ष रॉबर्ट डी फॉरेस्ट यांनी मनावर घेतलं आणि १९२४ मध्ये अमेरिकन विंग उघडली ती हाच चेहरा लावून. तेव्हा तो उघड्यावरच होता. समोरच्या अंगणावर छप्पर आलं आणि १९८० पासून त्याचं ऊन-पाऊस कायमचं थांबलं.

जवळ गेले. हा दगड शहराच्या उत्तरेला असलेल्या टकाहोचा, दाणा जाड. हात लावायची सोय नाही, पण नाक भिंतीला टेकेल इतकं वाकल्यावर खडीसाखरेसारखा पोत दिसला.

मला शनिवारवाडा आठवला. १८२८ च्या आगीत आतले महाल गेले, तटबंदी आणि दिल्ली दरवाजा मात्र जागेवर राहिले. आत शिरलं की नुसती जोती. इथं उलट. दारानं जागा सोडली आणि पाठीमागे नवं घर मिळवलं. आत शिरले तर जुन्या अमेरिकन घरांच्या खोल्या: पलंग, आरसे, चहाची भांडी. पैसा मोजायच्या दारातून थेट कुणाच्या तरी माजघरात!

बाहेर आले तेव्हा भाची पायऱ्यांवर बसून घड्याळ बघत होती. पाच वाजत आले होते. ममी राहिल्या त्या राहिल्याच.