आरशातला पारा

गाडी बदल म्हणून घरचे मागे लागलेत. नव्या गाडीत टॅबएवढा स्क्रीन असतो म्हणे. असू दे. माझ्या जुन्या सेडानच्या आतल्या आरशात कोपऱ्यात दोनच गोष्टी उजळतात, दिशा आणि बाहेरचं तापमान. द्राक्षबागांना सल्ला देत फिरणाऱ्या माणसाला त्यातली दुसरी पुरते.

आकडे दिसतात तिथला काचेचा मुलामा थोडा पारदर्शक असतो. मागचा दिवा लागला तर आकडा, नाहीतर नुसता आरसा. रात्री उजेड आपोआप मंदावतो. कांद्याचा ट्रक अप्पर मारत मागे लागला की आख्खी काच काळवंडते; दोन काचांमधल्या जेलला जरासा विद्युतदाब मिळाला की ते गडद होतं. रिव्हर्स टाकला की पुन्हा लख्ख.

दिशेचं मला कौतुक नाही. नाशिकात पूर्व कुठली ते गोदावरी सांगते. भावाने डॅशबोर्डवर मॅग्नेटवाला मोबाइल होल्डर चिकटवला, तेव्हा निफाडला निघालेल्या गाडीला आरसा खुशाल नैऋत्येला धाडत होता. होल्डर काढला आणि तपोवनातल्या मोकळ्या जागेत सावकाश गोल फेऱ्या मारल्या, तेव्हा होकायंत्र ताळ्यावर आलं. (रसवंतीवाला विचारत होता, ‘दादा, लायसन्सची ट्रायल का?’)

तापमानाचा सेन्सर आरशात नसतो, पुढच्या बंपरमागे ग्रिलजवळ असतो. त्यामुळे मे महिन्यात द्वारका चौकात अडकलो की इंजिनची धग आणि तापलेलं डांबर मिळून आकडा चढतच जातो. नांदूर नाका ओलांडून वारा लागला की उतरतो.

खरं काम डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे. नाक्यावर ११ असलं तर चांदोरीला नदीकडेला ८, निफाडच्या शिवारात ५. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात येतो, तो जाळीदार पेटीतला. माझा डांबरावरून पळणारा. दोन्ही जुळायची अपेक्षाच नाही. पण थंडी कुठल्या खोलगट पट्ट्यात साचते, ते तालुक्याच्या एका आकड्यात कसं कळणार? द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरताना, म्हणजे ते पिकायला लागताना, पहाटेचा असा गारठा आणि दुपारचं ऊन एकत्र आलं की पिंक बेरी होते, आणि गुलाबी झालेला पांढरा माल निर्यातीवाला हातात धरत नाही.

३ अंशांच्या आसपास माझा आरसा बर्फाचा इशारा देतो. बनवणाऱ्यांनी तो निसरड्या रस्त्यांसाठी ठेवलाय. मी गाडी कडेला घेऊन बागवाल्याला फोन लावतो, ‘काका, ड्रिप सुरू करा, शेकोट्या पेटवा.’ पलीकडून पहिला प्रश्न, ‘आरसा किती म्हणतोय?’ आकडा सांगतो आणि वर म्हणतो, रस्त्यावरचा आहे, बागेत आणखी एक-दीड कमीच धरा.