इंग्रजी आठ आणि ८२५ मिलिमीटर

भावाच्या स्प्लेंडरची पीयूसी चार दिवसांपूर्वी संपली होती. हे मला कधी कळलं, तर आरटीओच्या मैदानावर दीड तास उन्हात उभं राहिल्यावर, पुढे फक्त दोघे उरलेले असताना. गाडी मला घ्यायची होती, लायसन्स मला काढायचं होतं, आणि अडले मी भावाच्या गाडीच्या धुरापाशी. त्याला फोन केला तर म्हणाला, "अगं, ते बघतं कोण?" त्या दिवशी बघितलं.

पण जरा मागून सांगते.

गेल्या जुलैत आम्ही भंडारदऱ्याहून रतनवाडीला निघालो होतो. धरणाच्या कडेकडेने जाणारा तो रस्ता पावसात कसा होतो ते गेलेल्यांना माहीत आहे. माझी स्कूटर एका वळणावर चिखलात रुतली ती रुतलीच. गावातली दोन पोरं आली, त्यांनी ढकलून काढली, आणि त्यातला धाकटा म्हणाला, "ताई, हिकडं बारकं चाक न्हाय चालत." अमृतेश्वराचं देऊळ बघताना माझं अर्धं लक्ष पार्किंगमधल्या एका गाडीच्या पुढच्या चाकाकडे होतं. २१ इंची. मागचं १८.

माझी उंची पाच फूट एक इंच, वजन पन्नासच्या आतबाहेर. ऑन-ऑफ रोड गाड्या बघायला लागलं की पहिला आकडा डोळ्यात खुपतो तो सीटच्या उंचीचा. आधीच्या पिढीची केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर ८५५ मिलिमीटर, म्हणजे नमस्कार करून पुढे जायचं. व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५. एक्सपल्स २०० फोर व्ही ८२५. जुनी हिमालयन ४११ मात्र ८०० आणि स्क्रॅम तर ७९५. कागदावर हिशोब सरळ होता: सगळ्यात बुटकी ती आपली. तीन आठवडे मी याच समजुतीत होते.

मग शोरूमला गेले. कुठल्या कंपनीचं ते राहू द्या. तिथल्या मुलाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणाला, "मॅडम, तुमच्या हाइटला स्कूटी बेस्ट." मी म्हटलं, चालवून बघते. त्याने लायसन्स मागितलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "हे विदाउट गिअर आहे." बारा वर्षांपूर्वी कॉलेजात असताना स्कूटरवर टेस्ट दिलेली, त्यामुळे कार्डावर एमसीडब्ल्यूओजी. गिअरची गाडी रस्त्यावर काढायची तर एमसीडब्ल्यूजी हवं. स्कूटीचं बोलणं मी मनात ठेवलं, पण या बाबतीत तो बरोबर होता. कुणाचीही गाडी मागायला तोंडच नव्हतं. आणि चालवून न बघता पाय टेकतात की नाही हे कळत नाही. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर सेंटर स्टँडला लावलेल्या गाडीवर बसून तर अजिबात कळत नाही, गाडी मुळात उचललेलीच असते.

म्हणून आरटीओ.

सारथीच्या, म्हणजे लायसन्सच्या सरकारी साइटवर पहिल्याच पानावर मी चूक केली. शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरताना ते विचारतात की तुमच्याकडे आधीचं लायसन्स आहे का. मला वाटलं, गिअरचं नाही ना, मग 'नाही'. तो अर्ज अडकला, पैसे अडकले, पुन्हा नव्याने भरला. तुम्ही ही चूक करू नका. स्कूटरचं का होईना, लायसन्स ते लायसन्स. आणि 'आहे' म्हटलं की ती कॉम्प्युटरवरची सिग्नल-पाट्यांची परीक्षाही द्यावी लागत नाही. चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने मला छातीठोकपणे सांगितलं होतं की द्यावी लागते आणि तो ती 'करून देईल'.

शिकाऊ लायसन्स हातात आल्यापासून ३० दिवस थांबायचं, आणि त्याची मुदत सहा महिने. मी म्हटलं, महिनाभर सराव करू, एकतिसाव्या दिवशी टेस्ट. एकतिसाव्या दिवशी साइट उघडली तर जवळचा स्लॉट तीन आठवड्यांनी. तोही सकाळी साडेदहाचा, म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. हे आधीच सांगून ठेवते: टेस्टसाठी 'नवीन लायसन्स' नाही, आहे त्या लायसन्सला नवा वर्ग जोडायचा अर्ज करायचा. आणि एकतिसाव्या दिवसाची वाट न बघता आधीपासून स्लॉटवर लक्ष ठेवायचं.

तर तो पहिला दिवस. साडेदहाचा स्लॉट, पावणेअकराला सर्व्हर डाऊन. साडेअकराला सर्व्हर आला तेव्हा साहेब कुठेतरी गेले होते. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर रुमाल. म्हणजे साहेब येणार आहेत. रांगेत मी एकटीच बाई होते आणि एकटीच स्वतः आलेली. बाकीच्यांच्या फायली एकाच माणसाच्या काखेत होत्या आणि टेस्टसाठी गाडीही सगळ्यांची एकच, त्याचीच. तो दोनदा येऊन म्हणाला, "ताई, कशाला उन्हात? आपली गाडी आहे ना." मला तेव्हाच हो म्हणायला हवं होतं असं आज वाटत नाही, पण त्या दिवशी पावणेबाराला वाटलं होतं.

मग कागद तपासणारे आले. माझा अर्ज बघितला, मूळ लायसन्स बघितलं, मग म्हणाले, गाडीचे पेपर. आरसी, विमा ठीक. पीयूसी बघून मान हलवली. गेटबाहेर पीयूसीची व्हॅन उभी असते, धावत गेले. व्हॅन होती, माणूस नव्हता. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, जेवायला गेलाय, येईल. तो आला अडीचला. मला त्याचा राग नाही, त्याने पाच मिनिटांत काम केलं आणि वर म्हणाला, "गाडी छान ठेवलीय." आत गेले तर टेस्ट संपलेली, खुर्चीवरचा रुमालही गेलेला. पुन्हा स्लॉट. या वेळी सोळा दिवसांनी.

आणि दुसऱ्या वेळी मी नापास झाले.

इंग्रजी आठ काढायचा असतो. आपला ८ काढायला सांगितला असता तर एका वळणात सुटले असते. जमिनीवर पांढरी रेघ होती, निम्मी पुसलेली. पहिलं वर्तुळ नीट गेलं. दुसऱ्यात वळताना गाडी जरा आत पडते आहे असं वाटलं, आणि बारा वर्षं स्कूटर चालवलेल्या डाव्या हाताने जे करायचं तेच केलं. लिव्हर कचकन दाबली. स्कूटरवर तो ब्रेक असतो. इथे तो क्लच. ब्रेक लागलाच नाही, उलट इंजिनाची ओढ सुटली, गाडी लुळी पडली आणि माझा पाय खाली. साहेब नजर वर न करता म्हणाले, "पाय लागला. पुढच्या वेळी या." पुढची वेळ म्हणजे किमान सात दिवसांनी, पुन्हा टेस्टचे तीनशे रुपये, आणि स्लॉट मिळेल तेव्हा. तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबा.

घरी आल्यावर रडले नाही, पण जेवलेही नाही.

पुढचे दोन रविवार भाऊ आणि मी सकाळी सहाला मार्केट यार्डाच्या मोकळ्या जागेत. त्याने विटांचे तुकडे ठेवून आठ आखला. मला जे कुणी आधी सांगितलं नव्हतं ते त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं: चाकाकडे बघू नकोस, जिथे जायचंय तिथे बघ, मान वळव. क्लच अर्धा, पूर्ण सोडायचाही नाही आणि पूर्ण दाबायचाही नाही. एक्सलरेटर एका जागी. मागच्या ब्रेकवर पाय हलका टेकवून ठेवायचा, वेग त्यानेच सांभाळायचा. पुढच्या ब्रेकला वळणात हात लावायचा नाही. दुसऱ्या रविवारी मी सलग अकरा आठ काढले. यार्डातला हमाल चहा पीत मोजत होता, म्हणून आकडा पक्का.

तिसऱ्या वेळी टेस्टला दोन मिनिटंही लागली नाहीत. साहेब तेच, खुर्ची तीच. "झालं. जा." चार महिने आणि दोन मिनिटं. कार्ड पोस्टाने घरी आलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता गाडी. मैत्रिणीच्या नवऱ्याची हिमालयन ४११ आधी चालवली. ८०० मिलिमीटर, दोन्ही पायांचे चवडे छान टेकले, मी खूश. मग त्यांच्या सोसायटीच्या उतारावर ती मागे सरकवायची वेळ आली. १९९ किलो. माझ्या चौपट. एका बाजूला जरा कलली आणि माझ्या लक्षात आलं की चवडे टेकले काय नि टाच टेकली काय, ही गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की मी धरू शकत नाही. भाऊजींनी धरली. चालत्या रस्त्यावर ती अत्यंत समंजस गाडी आहे, खोटं बोलणार नाही, पण मी एकटी कुठेतरी चिखलात असणार होते.

एक्सपल्स ८२५ ची, पण १५८ किलो. एकेचाळीस किलोचा फरक. एक जण वापरलेली विकत होता, त्याच्या अंगणात बसून पाहिली. दोन्ही पायांची फक्त बोटं लागली. पण सीटवरून डावीकडे चार बोटं सरकलं की डावा पाय चांगला टेकतो, आणि उजवा ब्रेकवर राहतो. थांबताना एकच पाय लागतो ना. सिग्नलला दोन्ही पाय पसरून उभे राहणारे उंच लोक हे कधी सांगत नाहीत, त्यांना गरजच पडत नाही. सीट पुढे अरुंद असली की मांड्या पसरत नाहीत, तोही फायदा. म्हणून नुसता सीटच्या उंचीचा आकडा वाचून ठरवू नका. मी एक्सपल्सच घेतली.

स्वतःच्या पायाचं माप घ्या, हे खरं तर मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. भिंतीला पाठ, पाय अनवाणी, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक जांघेत वर दाबून धरायचं आणि भिंतीवर पेन्सिलीची खूण. माझं ७१ सेंटीमीटर. म्हणजे सीटपेक्षा साडेअकरा कमी. बुटाचा सोल तीन भरून काढतो. बसल्यावर सस्पेन्शन थोडं दबतं, पण कंपनीने स्प्रिंग माझ्यासारख्या पन्नास किलोवाल्यांसाठी बसवलेली नसते. मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला ताण, कमी करून घेतला, तेव्हा कुठे ती माझ्या वजनाला बसायला लागली.

लोअरिंग लिंक, म्हणजे मागच्या सस्पेन्शनला लावून गाडी खाली आणणारा जोड, टाका असं तिघांनी सांगितलं. नाही टाकली. गाडी खाली आली की जमिनीपासूनची २२० मिलिमीटरची जागा कमी होते, म्हणजे ज्यासाठी घेतली तेच गेलं. वर साइड स्टँड तेवढाच लांब राहतो, गाडी जवळपास सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की दुसऱ्या बाजूला आडवी. मागचं खाली केलं तर पुढचे फोर्कही त्या मानाने वर सरकवावे लागतात, नाहीतर वळताना गाडी जड होते. इतकं कोण करणार.

त्यापेक्षा सीट. आमच्याकडचे एक सीटवाले काका आहेत, दुकान म्हणजे एक पत्रा आणि शिलाई मशीन. त्यांनी रेग्झिन सोललं, फोमवर खडूने रेघ मारली आणि ग्राइंडर लावला. फोमचा पिवळा भुगा त्यांच्या मिशांवर. थोडं घासायचे, मला बसवायचे, खाली वाकून माझ्या टाचेखाली बोट घालून बघायचे. चार वेळा असं झालं. मी म्हटलं, अजून थोडं. ते म्हणाले, "बाई, आता घासलं तर साठ किलोमीटरनंतर मला शिव्या द्याल." दोन सेंटीमीटर कमी झाली, पुढच्या कडा गोल झाल्या. टाच अजून लागत नाही, पण डाव्या पायाचा पंजा पूर्ण टेकतो.

गाडी पहिल्याच आठवड्यात पडली. वेगात नाही, उभी असताना, खड्ड्याच्या बाजूला पाय टाकला म्हणून. उजवीकडे पडली की आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा, गिअरमध्ये टाकायची, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटला ढुंगण टेकवायचं आणि पायांनी मागे मागे रेटत उभी करायची, कमरेने उचलायची नाही. १५८ किलो उचलले. हिमालयन उचलली असती का, माहीत नाही. क्लचच्या लिव्हरचं टोक मात्र पुढच्याच महिन्यात तुटलं, डावीकडे पडल्यावर.

भावाच्या पीयूसीची तारीख मी माझ्या फोनमध्ये टाकून ठेवली आहे. या महिन्याच्या २३ला संपते. त्याला अजून सांगितलेलं नाही.