"साइट तं उघडून राहिली ना!"

वरूडजवळ आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. साइट मीच बनवलेली. नाव लांबलचक, मधे दोन हायफन. फोनवर सांगितलं की गिऱ्हाईक हमखास चुकायचं. म्हणून यंदा छोटं नाव घेतलं. घेणं, होस्टिंगला, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या सर्व्हरला, जोडणं, पानं हलवणं सगळं एका रविवारात उरकलं. राहिलं होतं फक्त जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्याकडे वळवणं. त्या 'फक्त'नं पाच आठवडे खाल्ले.

जुनं नाव ज्या कंपनीकडे होतं तिच्या पॅनेलमध्ये 'फॉरवर्डिंग' होतं. नवा पत्ता टाकला, सेव्ह केलं, नवी साइट उघडली. झालं, म्हटलं.

जांभेरी म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात तो लिंबाचा खुंट. 'जांभेरी खुंटावरची संत्रा कलमं' शोधलं की आमचं पान गूगलवर वरच असायचं. ते घसरत घसरत दिसेनासंच झालं. अन् दिवस मे महिन्याचे! लागवड पाऊस पडल्यावर, पण बुकिंग याच दिवसांत येतं. कंपनीला चॅटवर विचारलं. उत्तर : सर, साइट ओपन होत आहे. तक्रारीचं तिकीट बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. बाबाही म्हणाले, "साइट तं उघडून राहिली ना, मंग काहून डोकं धरून बसला?"

एका रात्री लाइट आल्यावर जुन्या जांभेरीच्या पानाची लिंक रीडायरेक्ट, म्हणजे पत्त्याचं हे वळण, तपासणाऱ्या एका साइटवर टाकली. समोर आकडा : ३०२. म्हणजे तात्पुरता बदल. कायमचा असेल तर ३०१ लागतो. पॅनेलमध्ये खाली एक बारीक रकाना होता, त्यात 'टेम्पररी' आधीच निवडलेलं. दुसरा घोळ त्याहून वाईट : जुनी सगळी पानं थेट मुखपृष्ठावर येत होती. जांभेरी शोधत आलेल्याला आम्ही गेटवरच उभं करत होतो. असं केलं की गूगल ते पान हरवलंय असंच धरतं.

मग फॉरवर्डिंग काढून टाकलं, जुनं नाव आपल्याच होस्टिंगवर आणलं आणि एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये (सर्व्हरला कोणता पत्ता कुठे वळवायचा ते सांगणारी फाइल) तेवीस पानांसाठी तेवीस ओळी लिहिल्या. जांभेरी ते जांभेरी, रंगपूर (हा दुसरा खुंट) ते रंगपूर. तपासताना ब्राउझरवर विश्वास ठेवू नका, तो ३०१ लक्षात ठेवतो. मी दुरुस्त केलेली ओळ अर्धा तास चुकीची समजत बसलो होतो.

हो, जुन्या नावालाही एसएसएल, म्हणजे सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र, चालू हवं, नाहीतर वळण्याआधीच फोनवर धोक्याची पाटी येते. आणि साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दोन्ही नावं आपली असल्याचं सिद्ध करून 'चेंज ऑफ अ‍ॅड्रेस' भरायचं. मुखपृष्ठाचं ३०१ तपासूनच ते पुढे जाऊ देतं. आधी मी पत्त्यांची साखळीच करून ठेवली होती, साध्या एचटीटीपीवरून सुरक्षित एचटीटीपीएसवर, तिथून नव्या नावावर. आता एकाच उडीत.

जूनच्या शेवटी पान परत वर आलं. निम्मं बुकिंग तोवर हातचं गेलं होतं.

कंपनीच्या खात्यात तिकीट अजूनही 'सोडवलं' असं दिसतं. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी जुनं नाव दोन वर्षांसाठी भरून टाकलं. आमच्या पावतीबुकांवर तोच पत्ता छापलाय, आणि तीन गठ्ठे अजून शिल्लक आहेत.