आठ खण आणि २७ इंचांचं टेबल

नाशिकला इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटची तिसरी खोली १० फूट बाय ७ फूट ४ इंच. गेली बारा वर्षं तिथे पाहुण्यांच्या गाद्या आणि इस्त्रीला जायचे कपडे राहत होते. आता तिथे माझं ऑफिस आहे.

मी करसल्लागार आहे. सातपूर-अंबडचे छोटे वर्कशॉपवाले आणि निफाडकडचे काही खत-औषधांचे दुकानदार यांची जीएसटी आणि आयकराची कामं बघते. कॉलेज रोडवरची भाड्याची जागा सोडून घरूनच काम करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं: इंटिरियरवाल्याला बोलव, तो माप घेईल, आठवड्यात डिझाइन हातात. भाड्याच्या जागेत मी तेच केलं होतं. तिथल्या कॉन्ट्रॅक्टरने ३० इंच उंचीचं टेबल दिलं आणि बरोबर मांड्यांवर येईल असा एक लांबलचक ड्रॉवर. माझी उंची ५ फूट १ इंच. चार वर्षं मी खांदे उचलून टाइप करत होते. उजवा खांदा अजूनही थंडीत बोलतो. सुटं टेबल असेल तर विकून टाकता येतं, भिंतीत ठोकलेलं तसंच भोगावं लागतं. म्हणून या वेळी भिंतीला टेप लावायच्या आधी मी माझं काम मोजायला बसले.

आधी फाइली मोजल्या. एक बॉक्स फाइल ३ इंच जाड, उंची १४ इंचांच्या आत. वर्षाला माझ्याकडे अशा आठ भरतात. कागद जपायची कायदेशीर जबाबदारी खरं तर व्यापाऱ्याची, पण अंबडला दहा बाय बाराच्या गाळ्यात लेथ चालवणारा माणूस फाइली ठेवणार कुठे? ‘मॅडम, तुमच्याकडेच राहू द्या’ म्हणतो, आणि राहतात. जीएसटीत हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. वार्षिक विवरणपत्राची मुदत एरवी ३१ डिसेंबर, म्हणजे मार्चला वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांनी. नऊ महिने आणि वर सहा वर्षं, म्हणजे एका वर्षाचे कागद ते वर्ष संपल्यावर पावणेसात वर्षं माझ्या घरात राहणार. चालू वर्ष धरलं तर एका वेळी जास्तीत जास्त आठ वर्षांचे कागद. अपिलात अडकलेल्या प्रकरणांचे कागद आणखी जास्त काळ लागतात, ते वेगळे.

आठ वर्षं, दर वर्षी आठ फाइली. आठ त्रिक चोवीस. म्हणजे आतून २४ इंच रुंद असे आठ खण, एका वर्षाला एक. हे कागदावर उतरलं त्या रात्री मला फार बरं वाटलं. कपाट किती मोठं हवं, हा प्रश्न तोपर्यंत मी आवडीनिवडीचा समजत होते.

२४ इंच हे माप आणखी एका कारणाने सोयीचं ठरलं. आठ भरलेल्या फाइली मी घरच्या काट्यावर ठेवल्या, २२ किलो भरल्या. कागद दिसतो हलका, पण फळीचं कंबरडं तोच मोडतो. जुन्या जागेत ४ फूट लांब फळ्या होत्या, मध्ये आधार नाही, दोन वर्षांत झोळीसारख्या झाल्या. दर फुटाला वजन तेवढंच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली, की मधला बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. जाडीचं उलटं आहे: जाडी दुप्पट केली की फळी आठपट ताठ होते. त्यामुळे महागड्या जाड प्लायपेक्षा मध्ये एक उभा पार्टिशन घालणं केव्हाही बरं. १८ मिलिमीटरचा साधा चांगला प्लाय २४ इंचांत आरामात टिकतो.

मिस्त्रीकाका सिन्नरकडचे. पहिल्या दिवशी आले, खिशातून पेन्सिल काढली आणि मी वही पुढे केली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाले, “ताई, फाइलींचं माप घेतलं, आता तुमचं घेऊ. बसा खुर्चीवर.” पाय जमिनीला टेकवून, हात कोपरात काटकोनात वाकवून मी बसले. जमिनीपासून कोपरापर्यंत २७ इंच. टेबल २७ इंच. “साहेब कधी बसले तर?” असं त्यांनी विचारलं. नवरा ५ फूट ९ इंच. तो दारातच उभा होता, म्हणाला, “काका, ऑफिस तिचं आहे. माप तिचंच घ्या.”

यानंतर पंधरा दिवस आम्ही काहीच कापलं नाही. मी वर्तमानपत्रं जोडून भिंतीवर कपाटं चिकटवली, खरीखुरी मापं घेऊन. टेबलाच्या जागी दोन खोक्यांवर जुनं दार आडवं टाकलं आणि त्यावर जीएसटीची ११ आणि २० तारखेची विवरणपत्रं भरली. एवढ्यात तीन गोष्टी बदलल्या.

टेबलावर ओव्हरहेड कपाटं हवीत असं मला ठामपणे वाटत होतं. खोके चिकटवून बघितले तर फाइल घ्यायला वाकले की कपाळ त्यावर, आणि खिडकीचा उजेड अर्धा गायब. तिथे आता फक्त ८ इंच खोल एक फळी आहे, टेबलापासून २० इंच वर. प्रिंटर टेबलावर ठेवणार होते. तो दिवसातून चार वेळा लागतो आणि जागा मात्र दोन फूट खातो, म्हणून तो समोरच्या भिंतीला ड्रॉवरच्या खोक्यावर गेला. तिसरी गोष्ट खिडकी. टेबल उत्तरेच्या भिंतीला, खिडकी डावीकडे पश्चिमेला. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावा उजेड चांगला, हाताची सावली कागदावर पडत नाही. सासूबाईंनाही उत्तरेकडे तोंड होतंय म्हणून समाधान. पण चारनंतर ऊन थेट डाव्या डोळ्यात शिरतं हे त्या दाराच्या टेबलावर बसल्यावरच कळलं. जाड पडद्याची पट्टी आणि स्क्रीन खिडकीपासून ३ फूट आत, असा मार्ग निघाला.

फाइलींचं कपाट पाठीमागे, दक्षिणेच्या भिंतीला. ही जागा ठरवताना मला आजोबांचं फडताळ आठवत होतं. आजोबा रविवार कारंज्यावर एका धान्याच्या दुकानात दिवाणजी होते. जुन्या नाशकात तिवंध्याजवळ वाड्यात राहायचे. भिंती दोन दोन फूट जाड, त्यात कोनाडे आणि लाकडी दारांचं फडताळ. त्यांचं बैठं उतरतं मेज त्या फडताळाला काटकोनात मांडलेलं असे. मांडी न मोडता उजवा हात लांब केला की खतावणी हातात. फर्निचर भिंतीत बसवायचं नवीन फॅड म्हणतात, पण आमच्या वाड्यांच्या भिंतीच मुळी कपाटं पोटात घेऊन उभ्या होत्या. मला आजोबांसारखं न उठता पोचायचं होतं. ७ फूट ४ इंचांतून टेबलाचे २४ इंच आणि कपाटाचे १४ इंच वजा केले तर मध्ये ५० इंच राहतात. खुर्ची मागे सरकते, वळते, आणि खालून तिसऱ्या ओळीचे दोन्ही खण बसल्या जागी हाताशी येतात. दारं एकेका खणाला दोन, १२ इंचांची, म्हणून उघडली तरी खुर्चीला लागत नाहीत. सरकती दारं मी घेतली नाहीत, एका वेळी अर्धंच कपाट दिसतं. उघडे रॅकही नकोत, धूळ आणि कसर दोन्हींना कागद आवडतो.

मग भिंत. काकांनी ओळंबा सोडला, तर वर आणि खाली पाऊण इंचाचा फरक. कोपरा काटकोनात आहे का बघायला एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट अशा खुणा केल्या. तिरकं अंतर ५ फूट यायला हवं, आलं अर्धा इंच जास्त. बिल्डरच्या नकाशावरून कपाट कापून आणलं असतं तर ते बसलंच नसतं. म्हणून रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजायची, सगळ्यांत कमी येईल ती धरायची आणि उरलेली फट पट्टीने झाकायची. बॉक्स ओळंब्यात, पट्टी भिंतीप्रमाणे घासलेली.

पश्चिमेच्या भिंतीवर नाशिकचा पाऊस सरळ आपटतो. ऑगस्टमध्ये मी तिथे दोन फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवलं. तीन दिवसांनी आतून थेंब, म्हणजे ओल भिंतीतूनच येतेय. त्या भिंतीला एकही बॉक्स टेकवलेला नाही, टेबलाचा शेवटही दोन इंच अलीकडेच थांबवला आहे. खालच्या बॉक्सचा तळ आयएस ७१० छापाच्या, म्हणजे ओल सोसणाऱ्या मरिन प्लायचा, बाकी आयएस ३०३, म्हणजे नेहमीच्या वापराचा. सुतारकाम दसऱ्यानंतर सुरू केलं, हवा कोरडी झाल्यावर.

वायरिंग सुतारकामाआधी झालं. सगळे सॉकेट टेबलाच्या वर सहा इंचांवर, म्हणजे प्लगसाठी गुडघ्यांवर रांगायला नको. टेबलाच्या फळीत गोल भोकं पाडण्याऐवजी मागे पूर्ण लांबीत दोन इंचांची फट ठेवली आहे, कुठलाही प्लग कुठूनही खाली जातो. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही. तापताना तो एकदम खूप वीज ओढतो.

सनमायकाचा रंग पाच मिनिटांत ठरला, फिका आणि चमक नसलेला. चमकणाऱ्या टेबलावर दिव्याचं प्रतिबिंब दिवसभर डोळ्यांत जातं. टेबलाची फळी १८ वर १८ चिकटवून केली. मी बसते तिथला ४२ इंचांचा भाग खालून पूर्ण मोकळा, एकही ड्रॉवर नाही. त्याबाबत काकांनी एकदाही वाद घातला नाही.

आठ खणांवर आठ वर्षांच्या चिठ्ठ्या आहेत. चालू वर्ष आणि त्याच्या आधीचं, हे दोन हाताशी. डिसेंबर संपला की सगळ्यांत जुन्या वर्षाची मुदत संपते, त्या फाइली ज्याच्या त्याला परत जातात, आणि खालच्या ओळीतला एक खण रिकामा होतो. आत्ता तो रिकामा आहे. ३१ मार्चला संध्याकाळी हाताशी असलेल्या दोनपैकी जुनं वर्ष तिथे उतरवेन, आणि १ एप्रिलला वरच्या मोकळ्या खणावर नवी चिठ्ठी लावेन.